आंब्याचा थरांचा केक: पाणी कुठून येतं आणि कुठे जातं

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे कैरीची डाळ, पन्हं आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी हे ठरलेलं. पाच-सहा वर्षांपूर्वी मी त्यात आंब्याच्या केकची भर घातली. तीन थर, मध्ये ताज्या हापूसच्या फोडी, बाहेरून फेटलेलं क्रीम. सकाळी अकराला केक तयार झाला तेव्हा देखणा दिसत होता. संध्याकाळी साडेपाचला फ्रिजमधून काढला तर वरचा थर दोन बोटं सरकलेला आणि ताटात केकभोवती पिवळसर पाणी साचलेलं. कापल्यावर खालचा थर पार गिजगा आणि वरचा कोरडा ठणठणीत.

क्रीम खराब निघालं असं मी धरून चालले. सासूबाईंनी ताटातलं पाणी बोटाने चाखून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा आंब्याचा रस आहे. फोडींना पाणी सुटलंय. लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवतो तेव्हा सुटतं ना, तसंच साखरेनेही सुटतं."

साधा चॉकलेट केक आणि फळ भरलेला केक यांतला खरा फरक इथेच आहे. चॉकलेटच्या किंवा लोण्याच्या आयसिंगमध्ये मोकळं पाणी फार थोडं असतं. पिकलेल्या आंब्याच्या गरात मात्र वजनाच्या साधारण ८० टक्के पाणी असतं, स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अर्धा किलो फोडी केकमध्ये भरल्या की आपण दोन ग्लास पाणी केकमध्ये भरतो. आख्ख्या फळात ते पाणी पेशींमध्ये कोंडलेलं असतं म्हणून जाणवत नाही. सुरी फिरली की कडेच्या पेशी फुटतात. मग फोडीला गोड क्रीम लागतं, बाहेर साखरेचं प्रमाण आतल्यापेक्षा जास्त होतं आणि आतलं पाणी साखरेकडे ओढलं जातं. शाळेत आपण याला परासरण म्हणायचो. बघायचं असेल तर दोन वाट्यांत स्ट्रॉबेरीचे सारखे तुकडे घ्या, एका वाटीत चमचाभर साखर घाला आणि अर्ध्या तासाने या. साखरेच्या वाटीत तळाशी लाल पाक जमलेला दिसेल, दुसरी वाटी जवळपास कोरडी असेल.

हे पाणी केकच्या आत सुटलं की त्याला जायला मोजक्याच जागा असतात. ते खालच्या स्पंजमध्ये मुरतं, क्रीम पातळ करतं, आणि थर व सारण यांच्यामध्ये घसरडा पापुद्रा तयार करतं. वरचा थर सरकतो तो त्याच्यावरून. म्हणून फळांच्या केकमध्ये सजावटीच्या आधी पाण्याचा हिशोब लावायचा: काही पाणी आधीच काढून टाकायचं, काही बांधून ठेवायचं, आणि उरलेल्याची वाट अडवायची.

आधी आंबा

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभरात कधीही हळदीकुंकू करता येतं. मी शेवटचा आठवडा धरते, तोवर हापूस जरा हाताशी आलेला असतो. केकला हापूस चांगला, कारण त्याच्या गराला रेषा नसतात आणि तो घट्ट असतो. पायरी रसाळ, त्यामुळे आमरसाला अप्रतिम आणि केकला अवघड. आटवायच्या रसासाठी मात्र महागडा देवगड किंवा रत्नागिरी हवाच असं नाही. कर्नाटकातून येणारा आंबा किंवा केशरही चालतो. नावाजलेला आंबा कच्च्या फोडींसाठी राखून ठेवा, त्याचा वास तिथेच कळतो.

आंबे दोन जास्तच आणा. हापूसमध्ये साका निघतो. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात कोयीजवळ पांढुरका, भुसभुशीत, आंबट भाग असतो आणि कापेपर्यंत कळत नाही. तो भाग काढून टाकायचा, रसात ढकलायचा नाही. एवढासा साकाही चव बिघडवतो.

आता आटवणं. ४०० ग्रॅम गर मिक्सरमधून फिरवून जाड बुडाच्या स्टीलच्या किंवा नॉनस्टिक कढईत घ्या. लोखंडी कढई नको, आंब्यातल्या आंबटपणाने रंग काळपट होतो आणि चवीला लोखंड लागतं. ४०० ग्रॅम गरात पाणी ३२० ग्रॅम आणि बाकी सगळं मिळून ८० ग्रॅम. आटवून तो २०० ग्रॅमवर आणला की त्यात पाणी उरतं १२० ग्रॅम. एक ग्लासभर पाणी वाफ होऊन गेलं, तेवढं केकमध्ये उतरणार नाही. कढई रिकामी असतानाच तिचं वजन करून ठेवलं तर अंदाजाची गरज राहत नाही. वजनकाटा नसेल तर उलथन्याने तळाशी रेघ ओढून बघा. दोन्ही बाजूंचा रस लगेच मिळून येत असेल तर अजून वेळ आहे, रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहिली की झालं. मंद ते मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि शेवटी शेवटी रस चटके देत उडतो, तेव्हा हाताला लांब दांड्याचा डाव असू दे. उतरवताना ६० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि चमचाभर लिंबाचा रस घालून आणखी दोन मिनिटं शिजवा.

सगळाच आंबा का आटवायचा नाही? आंब्याचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती वाफेबरोबर उडून जातात. आटवलेल्या रसाला गोडी असते, अंग असतं, रंग असतो, पण अढीतला आंबा उघडल्यावर घरभर जो वास सुटतो तो त्यात राहत नाही. म्हणून दोन आंब्यांच्या कच्च्या फोडी वेगळ्या ठेवायच्या. सेंटिमीटरभराच्या फोडी करून स्वच्छ सुती कापडावर सुट्या पसरा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. फुटलेल्या पेशींचं पाणी कापड टिपून घेतं. साखर लावायची नाही, आणि सकाळी कापून दुपारपर्यंत ठेवायच्याही नाहीत.

आटवायला वेळ नसेल तर पाणी बांधायचा मार्ग आहे. पाव किलो रसाला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून घाला आणि रसाला चांगले बुडबुडे येऊ द्या, नंतर मिनिटभर ढवळत राहा. स्टार्चचे कण गरम पाण्यातच फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. न शिजवलेलं कॉर्नफ्लोअर क्रीममध्ये मिसळलं तर पाणी सुटायचं थांबत नाही, जिभेला खडूसारखं मात्र लागतं. चवीचं विचाराल तर मला आटवलेलाच आवडतो.

चक्क्यातून शिकलेलं

फळाबरोबर थरांमध्ये काय भरायचं, यावर मी बराच काळ अडले होते. नुसतं फेटलेलं क्रीम फळाच्या पाण्यापुढे टिकत नाही. क्रीम चीज महाग आणि इथल्या जिभेला जरा खारट. उत्तर घरातच होतं: चक्का. रात्रभर पंचात दही टांगून आपण नेमकं हेच करतो, त्यातलं मोकळं पाणी काढून टाकतो. उरते ती दुधातल्या प्रथिनांची घट्ट जाळी आणि तिच्यात अडकलेलं तूप. एक किलो सायीच्या दह्याचा साधारण ४०० ग्रॅम चक्का पडतो, दही किती घट्ट आहे त्यावर थोडं इकडेतिकडे. एप्रिलमध्ये ओट्यावर टांगलं तर रात्रीत आंबूस होतं, म्हणून चाळणीत पंचा घालून, खाली पातेलं ठेवून, सगळं फ्रिजमध्ये. खाली जमणाऱ्या पाण्यात कणीक मळावी, पोळ्या मऊ होतात.

पहिल्यांदा चक्का वापरला तेव्हाही सारण सैल झालं. मी तक्रार केली, "आई, रात्रभर टांगला होता, पिळूनही घेतला होता." त्या म्हणाल्या, "साखर घातल्यावर चक्का सैल होतोच की. म्हणून तर श्रीखंडाचा चक्का अगदी कोरडा बांधायचा."

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. साखर कोरडी दिसते, म्हणून ती घातल्यावर मिश्रण घट्ट होईल असं वाटतं. पण ती चक्क्यात उरलेल्या पाण्यात विरघळते आणि विरघळली की स्वतःच द्रवाचा भाग होते. १०० ग्रॅम साखर विरघळल्यावर द्रवाचं आकारमान साधारण ६० मिली वाढतं. जणू चक्क्यात अर्धी वाटी पाणी ओतलं. श्रीखंडाला तेवढा सैलपणा शोभतो, वाटीत वाढायचं असतं ते. वर दोन थरांचं वजन पेलायचं असेल तर चालत नाही.

म्हणून साखर चक्क्यात घालायची नाही, आंब्याच्या आटवलेल्या रसात घालायची. तिथे ती विरघळते आणि तिथलंच पाणी बांधून ठेवते. मघाशी ६० ग्रॅम साखर कढईत गेली ती याचसाठी. २५० ग्रॅम चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून गाळून घ्या, त्यात गार झालेला १५० ग्रॅम आटवलेला रस हळूहळू कालवा आणि शेवटी १०० मिली क्रीम घट्ट फेटून हलक्या हाताने मिसळा. क्रीममधली हवा सारणाला हलकं करते आणि चक्का त्याला उभं ठेवतो. उरलेला रस वरच्या थरासाठी बाजूला ठेवा.

अंड्याशिवाय केक फुगतो कसा

हळदीकुंकवाला येणाऱ्या निम्म्या जणी अंडं खात नाहीत, त्यामुळे आमचा केक बिनअंड्याचा. बिनअंड्याचा केक म्हणजे तडजोड, असं मी मानत नाही. फक्त अंडं कोणती कामं करत होतं ते माहीत हवं, म्हणजे ती दुसऱ्यांना वाटून देता येतात.

अंडं फेटलं की त्यातली प्रथिनं हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ आवरण धरतात. ओव्हनमध्ये ती हवा प्रसरण पावते आणि प्रथिनं गोठून तो फुगीर आकार कायम करतात. अंडं नसेल तर बुडबुडे रसायनाने आणावे लागतात आणि आकार मैद्याच्या स्टार्चने धरावा लागतो. बेकिंग पावडर मुळात जन्मली तीच एका घरातल्या पथ्यापायी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते अल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. १८३७ मध्ये त्यांनी तिच्यासाठी बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय पाव फुगवायला बेकिंग पावडर.

आपल्या केकमध्ये दही आणि सोडा मिळून हे काम करतात. दह्यातलं लॅक्टिक आम्ल आणि खायचा सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. २५० ग्रॅम दही आणि १६० ग्रॅम साखर साखर विरघळेपर्यंत फेटा. त्यात अर्धा छोटा चमचा सोडा आणि सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर मिसळून पाच मिनिटं थांबा, दही फसफसून वर येईल. मग १२० मिली बिनवासाचं तेल, आणि शेवटी दोनदा चाळलेला १९० ग्रॅम मैदा. सोड्यात हात सैल सोडू नका. आम्लाला पुरेल त्याहून जास्त पडला तर उरलेला सोडा साबणासारखा लागतो आणि केक तपकिरी होतो. दोन्ही का घालायचे? सोडा दह्याला भेटताक्षणी कामाला लागतो. बाजारातल्या बहुतेक बेकिंग पावडरी दोन टप्प्यांत काम करतात, थोडं पाणी लागल्यावर आणि उरलेलं उष्णता लागल्यावर, त्यामुळे ओव्हनमध्ये दुसरा जोर मिळतो.

मैदा घातल्यावर फेटणं बंद. मैद्याला पाणी लागून तो घोटला गेला की ग्लुटेन तयार होतं, पोळीच्या कणकेला ताण येतो तोच हा. पोळीला तो हवा, केकला नको. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं, चार गुठळ्या राहिल्या तरी बिघडत नाही.

तेलच का, लोणी का नाही, हे बरेच जण विचारतात. लोण्याच्या केकचा स्वाद नक्कीच वरचढ. पण फळांचा केक फ्रिजमध्ये राहणार, आणि तिथे लोणी पुन्हा घट्ट होतं, केक दडस लागतो. तेल थंडीतही पातळच राहतं.

मी १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंचांच्या तीन टिनांत मिश्रण वाटून १७५ अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं भाजते. एक उंच केक करून त्याचे तीन काप करण्यापेक्षा हे बरं, कारण बिनअंड्याचा केक कापताना चुरतो. ओटीजी लहान असेल आणि एकच टिन मावत असेल तर सगळं मिश्रण एकदम कालवून रांगेत ठेवू नका. सोड्याचे बुडबुडे वाट बघत नाहीत, तिसऱ्या टिनापर्यंत निम्मे विरलेले असतात. मैदा, दही-साखर आणि तेल मोजून तीन भागांत ठेवा आणि प्रत्येक घाण्याच्या वेळी मिसळा.

थर मधोमध फुगून टेकडीसारखा होतो, याचंही कारण साधं आहे. टिनाची कड आधी तापते, तिथलं मिश्रण लवकर शिजून स्थिर होतं, आणि मधलं अजून पातळ असल्यामुळे फुगत राहतं. जुन्या सुती ओढणीची चार बोटं रुंद पट्टी भिजवून, पिळून टिनाच्या बाहेरून बांधली की कड उशिरा तापते. पट्टी ओली असेपर्यंत तिचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. थर सपाट येतो, कापून फेकायला लागत नाही. फक्त पट्टी ओटीजीच्या दांड्यांना टेकत नाही ना, एवढं बघून घ्या.

थर पूर्ण गार झाल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही. हाताला कोमट लागला तरी क्रीम वितळवायला पुरेसा असतो.

क्रीम आणि एप्रिल

फेटलेलं क्रीम उभं राहतं ते तुपाच्या कणांच्या जोरावर. फेटताना हे कण एकमेकांना अर्धवट चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती साखळी धरतात. त्यासाठी कण गार आणि घट्ट हवेत, आणि पुरेसे हवेत. दुकानात मिळणाऱ्या २५ टक्के फॅटच्या फ्रेश क्रीमला कितीही फेटलं तरी ते धड उभं राहत नाही. भाजीच्या ग्रेव्हीसाठी ते ठीक. किमान ३० टक्के, जमल्यास ३५ टक्के फॅट पाहिजे. पाकिटावर आकडा असतो, तो वाचून घ्या.

क्रीम, भांडं आणि पाती तिन्ही फ्रिजमध्ये गार करा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटा. जास्त फेटलं तर काय होतं ते ज्याने ताक घुसळलंय त्याला सांगायला नको. आधी रवाळ दिसायला लागतं, मग लोणी वर आणि ताक खाली. टोक उभं राहून जरासं वाकतं तिथे थांबा. पसरवताना ते आणखी घट्ट होतं.

वनस्पती तेलापासून केलेलं, गोठवून मिळणारं व्हिपिंग क्रीमही बाजारात असतं. बेकरीतल्या बहुतेक पेस्ट्र्यांवर तेच असतं. उकाड्यात ते जास्त वेळ टिकतं, कारण त्यातली चरबी लोण्यापेक्षा जास्त तापमानाला वितळते. त्याच कारणाने ती टाळूला चिकटून राहते. आंबा चांगला असेल तर मी दुधाचंच क्रीम वापरते आणि केक फ्रिजबाहेर ठेवायची वेळ कमी करते.

रचताना

इथे पाण्याची वाट अडवायची. प्रत्येक थराच्या वरच्या बाजूला वितळवलेल्या व्हाइट चॉकलेटचा अगदी पातळ हात फिरवा. गोठल्यावर त्याचा जो पापुद्रा तयार होतो त्यातून पाणी स्पंजमध्ये उतरत नाही. पण त्याआधी, स्पंज कोरडा लागू नये म्हणून, थोडं पन्हं. पाहुण्यांसाठी केलेलंच पन्हं, उकडलेल्या कैरीचं, वेलदोड्याचं, निम्मं पाणी घालून पातळ केलेलं. एका थराला दोन मोठे चमचे पुरेत, ब्रशने. शुगर सिरपची जागा पन्ह्याने घेतली ते वर्ष मला आठवतं. गोडावर गोड न होता कैरीची आंबट धार आली आणि आंब्याची चव उठून दिसली. फळांच्या केकला एरवीच्या केकपेक्षा कमी भिजवायचं, ओल फळांतूनही येणारच असते.

मग कडेने घट्ट क्रीमचा बोटभर जाड बांध घाला, पायपिंग बॅगने किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून. शेताला बांध घालतो तसाच, आतलं सारण बाहेर येऊ नये म्हणून. आत चक्क्याचं सारण पसरा, त्यात कोरड्या केलेल्या फोडी खोचा, आणि त्यांच्यावर पुन्हा सारणाचा पातळ हात द्या. फोडी उघड्या ठेवल्या तर वरचा थर गुळगुळीत फळावर टेकतो आणि घसरतो. एक थर रचला की वीस मिनिटं फ्रिज, मग दुसरा. घाई याच पायरीवर होते आणि केक याच पायरीवर कलतो.

वर आंब्याचा चकचकीत थर हवा असेल तर चायना ग्रास वापरा, म्हणजे अगर-अगर. जिलेटिन शाकाहारी नाही आणि आपल्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानालाच सैल पडायला लागतं. अगर ३५-४० अंशांच्या आसपास गोठतं आणि पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या घरात तापमान लागतं. एक छोटा चमचा अगर पावडर पाऊण वाटी पाण्यात दोन मिनिटं खळखळून उकळा, मगच उरलेला आटवलेला रस कोमट करून त्यात मिसळा. रसासकट उकळत ठेवू नका, आम्लात फार वेळ उकळलं तर अगरची पकड कमी होते. मिश्रण ओतण्याजोगं कोमट असतानाच गार केकवर ओता, दोन-तीन मिनिटांत बसतं.

पूर्ण केक किमान तीन तास फ्रिजमध्ये. चरबी घट्ट होते आणि केक एकसंध कापला जातो.

दुसरी फळं घ्यायची तर

अननस, किवी आणि पपई यांचं प्रकरण पाण्यापुरतं नाही. या फळांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात: अननसात ब्रोमेलेन, किवीत ॲक्टिनिडिन, पपईत पपेन. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात, ती याच गुणामुळे. हीच फळं कच्ची घालून केलेला केक फ्रिजमध्ये ठेवला की विकरं चक्क्यातल्या आणि क्रीममधल्या प्रथिनांना तोडायला लागतात. सारण पातळ होतं, आणि तुटलेल्या प्रथिनांचे तुकडे चवीला कडू असतात. एका मैत्रिणीने किवीचा केक केला होता, दुसऱ्या दिवशी कडवट लागला म्हणून तिने क्रीम टाकून दिलं. क्रीम चांगलं होतं.

विकरंही प्रथिनंच असल्यामुळे उष्णतेने निकामी होतात. लहानपणापासून आपण बेकरीत जी अननसाची पेस्ट्री खातो ती का बिघडत नाही याचं उत्तर इथे आहे. तिच्यातला अननस डब्यातला असतो, आणि डब्यातलं फळ बंद करताना तापवलेलं असतं. घरी ताजा अननस वापरायचा तर तुकडे साखरेबरोबर पाच-सात मिनिटं शिजवा आणि गाळून घ्या. ते पाणी थरांवर शिंपडायला उत्तम. अगरवर या विकरांचा परिणाम होत नाही, कारण ते प्रथिन नाहीच.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी गुढीपाडव्याच्या सुमारास शेवटच्या तोड्यावर असते. आख्खी ठेवली तर ती बरी वागते, कापली की पाणी सोडते. अर्ध्या केलेल्या स्ट्रॉबेऱ्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर ठेवल्या की ओल जाते आणि स्वाद गोळा होतो. बिनबियांची द्राक्षं सालासकट आख्खी घातली तर पाण्याचा प्रश्नच येत नाही, साल पाणी धरून ठेवते. चिकू चालतो. कलिंगड गौरीपुढच्या आराशीत शोभतं, केकमध्ये त्याला जागा नाही.

केक वाढायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा, फार गार असला की आंब्याचा वास दबतो. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक तुकड्याला पुन्हा पुसून कापा. उरला तर कापलेल्या बाजूला बटर पेपर लावून झाकणाच्या डब्यात ठेवा. दोन दिवस चांगला राहतो, त्यापुढे कच्च्या फोडी मऊ पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पन्हं स्पंजमध्ये सारखं मुरलेलं असतं आणि मला तो तेव्हाच जास्त आवडतो. आमच्याकडे त्यातला पहिला तुकडा सासूबाईंचा. त्या आधी ताटलीच्या कडेला बोट लावून बघतात, पाणी सुटलंय का.